कानबाईची भिंत

फाट्यावर पारोळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या एस.टी.साठी रांग लागली होती. सुगंधाबाईंच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या नखांत गेरू होता. सुगंधाबाईंनी कानावरचा पदर जरा मागे सारला.

“सुमन, कानबाईच्या सणासाठी चुना दिलेल्या भिंतीवर तू सासूला काढलंस?”

“हो अक्का. वांगी भाजताना. धुरानं डोळे बारीक झालेले, तसेच काढले.”

“अगं, लोक देव काढतात!”

“देव मी कुठं पाहिलाय? सासूला रोज पाहते.”

“ती काय म्हणाली?”

“निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘मनं नाक इतलं मोठं शे का?’”

“आणि सासरे?”

“आबा भडकले. म्हणाले, ‘पुन्हा चुना फासा.’ तो आणायला मलाच धाडलंय.”

“बरं झालं! सोड आता ही थेरं.”

“नाही सुटत, अक्का. तवा उतरवला की कोळसा दिसतो. कोळसा दिसला की हात शिवशिवतात.”

“मग चुना नाही आणणार?”

“आणणार तर! जोडीला लाल रंगाची पुडीही आणते. कोऱ्या भिंतीवर आबांना काढायचंय, पागोट्यासकट.”