डाव्या अंगाचं चाक

ऐका. आणि हणमंता, तो मोबाईल आधी खिशात घाल, उजेड पडला की मला गोष्ट सांगता येत नाही. उद्या रंगनाथ नाइकाचा दहावा. हे त्याच्या गॅरेजचं शटर, ही माझी चहाची टपरी, मधे एक भिंत. तीस वर्षांवर त्याची ठोकाठोक ऐकली मी. तुम्हाला तो खवट म्हातारा म्हणून माहीत. चाकाचा नट कसला की हातोडीनं ठोकून बघायचा, तेही दोनदा. गिऱ्हाईक बोंबलत बसायचं, याचं आपलं ठक ठक. हसायचात ना? मग आज कळू दे कशापायी ठोकायचा ते.

रंगनाथ पलटणीत मेकॅनिक होता. एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. त्याचा जोडीदार बाजी खरात, खिंडीपलीकडच्या खडकवाडीचा, ट्रक चालवायचा. एका ताटात जेवणारी माणसं. एका रात्री बाजीच्या दारूगोळ्याच्या ट्रकाचं मागचं डावं चाक बसलं. दिवा लावायची बंदी. साहेब डोक्यावर उभा, चल चल, आटप. रंगनाथनं अंधारात चाक बदललं, नट कसले आणि ठोकून न बघताच पाना खाली ठेवला. ट्रक गेला. गेला तो गेलाच. तोफेचा गोळा लागला असं कागदावर आलं. पण याच्या मनात एकच किडा. गोळा लागला, का माझं चाक निसटलं?

बावीस वर्षं, मंडळी! बावीस वर्षं हा माणूस सात मैलांवरच्या खडकवाडीला गेला नाही. बाजीच्या बायकोला, अनसाबाईला, काय तोंड दाखवू म्हणायचा. मग एका संध्याकाळी निरोप आला. अनसाबाई अंथरुणाला खिळलीय, काही खरं नाही, तिला नाइकाला भेटायचंय. शेवटची एस्टी गेलेली. रंगनाथनं हत्यारांची पिशवी खांद्याला मारली, तिच्याशिवाय तो परसाकडेसुद्धा जात नसे, आणि चालत निघाला. मी म्हटलं, नाईक, सकाळी जा, आज अवस आहे, खिंडीत चकवा आहे. तर म्हणाला, सकाळपर्यंत ती राहिली नाही तर?

खिंड लागली. आधी मागनं पावलं वाजायला लागली. हा थांबला की थांबायची. वळून बघितलं, कुणी नाही. मग एक वाकडी बाभळ आली. पुढं गेला, पुन्हा तीच बाभळ. आणखी पुढं गेला, पुन्हा तीच! वाट सरळ, आणि माणूस गोल गोल फिरतोय. तिसऱ्यांदा बाभळीपाशी आला आणि बघतो तर पलटणीचा हिरवा ट्रक उभा. दिवे बंद. आणि आतनं बाजीचा आवाज.

“रंगा, मागचं चाक ढिलं हाय बघ. कस, आन बस. घराकडंच निघालोय.”

घाबरला का? अंहं. रडला. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, वाटलं देवानं तो डाव परत दिला. पाना काढला आणि डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. आता नीट ऐका. त्या जुन्या ट्रकांच्या डाव्या अंगाच्या चाकांना उलटे आटे असायचे. कसायचं तर पाना डावीकडं फिरवायचा. यानं डावीकडं फिरवला, तर नट सुटून हातात! गारढोण. चकवा डोळ्यांना फसवतो, कानांना फसवतो. पण या माणसाच्या हाताला कसा फसवणार? रंगनाथला कळलं, हा बाजी नव्हे.

पळून तरी कुठं जाणार, बाभळ परत आणणार होतीच. वरनं आवाज आला, बस, उशीर होतोय. पुन्हा आवाज आला, बस, चाकाचं मागनं बघू. त्या साहेबाची होती तीच घाई. आणि ओढ अशी की पाय आपोआप उठायला लागले.

“एकदा घाई केली,” रंगनाथ म्हणाला. “आता नट कसल्याबिगर गाडी हलायची न्हाई.”

आणि बसला कसत. नट कसायचा, एकदा ठोकायचा, पुढचा घ्यायचा. शेवटचा कसेपर्यंत पहिला ढिला झालेला. पुन्हा पहिल्यापासून. आवाज चिडला, रडला, शेवटी बाईच्या गळ्यानं हाका मारायला लागला. यानं मान वर केली नाही. हाताची सालटी निघाली. किती वेळ? अहो, कोंबडा आरवेपर्यंत!

उजाडलं तेव्हा पुढ्यात एक धोंडा, त्याच्यावर पान्याचे पांढरे ओरखडे. आणि जिथं ट्रकात चढायची पायरी होती, तिथं कडा. खाली बघवत नव्हतं.

तसाच रक्ताळलेल्या हातांनी खडकवाडीत गेला. अनसाबाई होती. तिच्या उशाशी बसून त्यानं सगळं सांगितलं, ते चाक ठोकून बघितलं नव्हतं हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भावजी, बैलगाडीच्या चाकाची खीळ सोता ठोकल्याबिगर ते शेतावर जात नव्हते. तुमच्या भरवशावर ट्रक काढतील व्हय?”

आणि तेव्हा त्याला आठवलं. त्या रात्री तो हात पुसत होता, आणि ट्रकाच्या अंगानं ठक ठक आवाज आला होता. लांबच्या तोफांत तो विसरूनच गेलेला. खरंच आठवलं, का त्या माऊलीनं आठवायला लावलं, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. पण गावात परत आल्यापासून तो प्रत्येक नट दोनदा ठोकायला लागला. एक माझा, एक बाजीचा, म्हणायचा.

तर मंडळी, त्या खिंडीतनं अंधारात जायचं नाही. कितीही नड असो. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर उजेडी जा, लवकर जा, बावीस वर्षं लावू नका. उठा आता, थंडी वाढली. उद्या नदीवर कावळ्यानं पिंडाला शिवायला उशीर लावला, तर उगाच कसलीबसली वचनं देत बसू नका. रंगनाथच्या पिशवीतली हातोडी घेऊन या. दोनदा ठोका.