बिनपाटीचं जेवण

नाही, पण मी काय म्हणतो, भूक लागली की माणसानं जेवावं, यात इतिहास कुठनं आला? तुम्हीच सांगा. जगात सगळीकडे माणसाला भूक लागते, समोर हॉटेल दिसतं, तो आत शिरतो, खातो, ढेकर देतो, बाहेर येतो. आमच्याकडे नाही! आमच्याकडे मेव्हणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. कामाला रंगाच्या दुकानात, पण हल्ली त्याला जुन्या गावांचं वेड लागलंय. कुठलीही भिंत दिसली की नखानं खरवडतो आणि म्हणतो, दाजी, खाली चुना आहे. असेल बाबा चुना, माझ्या बापाचं काय जातंय? तर हा आमचा म्होरक्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला, बायकोला आणि सासूबाईंना गाडीत कोंबलं आणि जाहीर केलं की आज तीन ऐतिहासिक गावं बघायची आणि अस्सल तिथलं जेवायचं. गाडी कोणाची? माझी. चालवणार कोण? मी! मी घड्याळं दुरुस्त करतो हो, माझं पोटसुद्धा वेळेवर ठोके देतं. बाकी माझं काही म्हणणं नव्हतं. मला फक्त जेवायचं होतं.

पहिलं गाव. दगडी कमान, मनोरा, मनोऱ्यावर बंद पडलेलं घड्याळ... ते बघून माझा जीव तुटला, पण ते सोडा. कमानीसमोर एक छान खाणावळ, आतनं फोडणीचा वास, मी गाडी लावली, दार उघडलं, एक पाय खाली टाकला... आणि मेव्हणा म्हणाला, इथं नको, पाटी नव्यानं रंगवलीय. अरे, आपण पाटी खाणार आहोत का? पण तो रंगवाला, त्याला रंग कळतो! दुसऱ्या गावात पाटी जुनी निघाली, पार पोपडे आलेली. मी म्हटलं चला, सुटलो. तर आत डोकावून हा परत. का, तर आत सगळे बाहेरगावचे बसलेत. मी म्हटलं, आपण कुठले? तर म्हणाला, म्हणूनच! मी बायकोकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. सासूबाई म्हणाल्या, माझ्या मुलाला यातलं कळतं. झालं, निकाल लागला! आणि वर त्याचा सिद्धांत ऐका. म्हणे खरी जुनी खाणावळ असते ना, तिला पाटीच नसते. गावाला माहीत असतं. अहो, पण आम्ही गाव नाही ना! मग कोणाला तरी विचारावं की नाही? विचारायचं नाही. सासुरवाडीत ती पद्धतच नाही. रस्ता विचारणंसुद्धा कमीपणाचं! एकदा ही मंडळी दुसऱ्याच्याच लग्नात अहेर देऊन आली होती, पण कोणाला विचारलं नाही.

तिसरं गाव. एव्हाना माझ्या डोळ्यांपुढे काजवे. अरुंद गल्ली, हिरवं दार, दार सताड उघडं, उंबऱ्याशी चपला आणि आतनं मासे तळल्याचा वास... पाटी नाही! मेव्हण्याचे डोळे भरून आले हो. हीच, म्हणाला. आणि घुसला. मागनं सासूबाई, मागनं बायको, सगळ्यात मागे मी. आत लांब टेबल, टेबलाशी पेपर वाचत एक काका. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, या, बसा. एवढंच! आतनं काकूंनी मान बाहेर काढली, आमच्यावर नजर फिरवली आणि परत आत. लगेच तव्यावर चर्र... मेव्हणा माझ्या कानात म्हणतो, दाजी, मेनू नाही, काही विचारत नाहीत, याला म्हणतात अस्सल. मी म्हटलं असू दे, मला फक्त जेवायचंय.

आणि मग माझं लक्ष गेलं. बेसिनपाशी पेल्यात दोन टूथब्रश. फ्रिजवर रक्तदाबाच्या गोळ्या. दोरीवर काकांचा लेंगा. भिंतीवर पोरीचा पदवीचा फोटो, हार घातलेला नाही, म्हणजे पोरगी खुशाल आहे.  हे हॉटेल नाही हो, हे घर आहे! सांगावं, तर तेवढ्यात ताटं आली. गरम भात, लालभडक रस्सा आणि ताटाच्या कडेबाहेर शेपटी गेलेला अख्खा मासा. मन म्हणतं, उठ, माफी माग, चालता हो. पोट म्हणतं, आधी जेव, मग माग. मी पोटाचं ऐकलं. हात पुढे केला, तर मेव्हणा ओरडला, थांबा दाजी, तुमचं ताट सगळ्यात देखणं आलंय, मोडू नका! आणि लागला फोटो काढायला. उभा, आडवा, खुर्चीवर चढून. तोवर त्यानं एका हातानं स्वतःचं ताट संपवलं! सासूबाईंनी तर काकूंना हाक मारून सांगितलं की रश्शात मीठ कमी आहे. काकूंचा चेहरा पडला. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं मीठ आणलं आणि मला खुणेनं आत बोलावलं.

स्वयंपाकघरात काकू कुजबुजल्या, 'तुम्ही यांच्याकडचे ना? लग्नाला एवढी वर्षं झाली, यांच्याकडचं कोणी कधी उंबरा चढलं नाही. आज आलात, बरं वाटलं.' आणि पदरानं डोळे टिपले. आता या बाईला काय सांगू? हो म्हटलं. बाहेर येतोय, तर काकांनी बेसिनपाशी गाठलं. 'तुम्ही हिच्या माहेरचे ना? मी नावं विसरतो, हिला कळलं तर रागावेल.' त्यांनाही हो म्हटलं! म्हणजे एका मिनिटात मी दोन्हीकडचा नातेवाईक झालो आणि पोटात अन्नाचा कण नाही. टेबलाशी आलो. सासूबाईंचा दुसऱ्यांदा भात झालेला, बायको मासा चोखतेय, मी बसलो, भात कालवला... नाही, कालवणार होतो, बोटं भातापासनं एवढी लांब, आणि मेव्हणा पोटावरनं हात फिरवत म्हणाला, 'काका, बिल आणा.'

 काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे. 'हे तुझे ना?' 'अहो, तुमचे ना?' मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, तर मासा माझ्याकडे बघत होता. सांगितलं सगळं. पाटी, सिद्धांत, टूथब्रश, सगळं. काका मटकन बसले. आणि काकूंनी काय केलं ठाऊक आहे? हसल्या. असं हसल्या की काकांनाही धीर आला. म्हणाल्या, 'यांच्याकडचे नाहीत तर नाहीत, आलात तर खरे. या जावईबापूंनी घासही घेतला नाहीये, त्यांना आधी जेवू द्या.'

देवमाणूस हो!  मी हात पुढे केला. आणि सासूबाई उठल्या. मिशीला लागलेला रस्सा पुसला, हो, आहे थोडी, आणि ताठ मानेनं म्हणाल्या, 'नको. ओळख ना पाळख, अशा परक्या घरी आमच्यात कोणी जेवत नाही. उठा, जावईबापू.'

तुम्हाला सांगतो, उठलो. काय करणार? जावई आहे. बेसिनपाशी गेलो, हात कोरडे ठणठणीत, तरी साबण लावून चांगले धुतले. म्हटलं, तेवढंच जेवल्यासारखं वाटेल.