गोंद्याचा नैवेद्य

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. मग मी पुढं सरकतो. श्रद्धेनं वाढलेलं अन्न कधी वाईट असतं का? काय? नसतं? सगळ्यांच्या माना एकदम हलल्या! बरं. तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा, आणि ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. गावात दत्ताचं देऊळ, देवळाला लागून वेणूताईंचं घर. बाई एकटी. मालक जाऊन बारा वर्षं झालेली. सोबतीला कोण? तर गोंद्या! गोंद्या म्हणजे कुत्रा हो. तांबूस रंगाचा, एक कान पडका, वयानं म्हातारा. मालकांनीच पिलू असताना आणलेला. त्यांच्या माघारी त्या घरात वेणूताईंची हाक ऐकणारा तेवढा एकच जीव उरला होता!

दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून बाईंचा नेम ठरलेला — आधी देवाला नैवेद्य, मग गोंद्याला. गोंद्याचं ताटसुद्धा नैवेद्यच! नैवेद्य चाखायचा नसतो, त्याचा वास घ्यायचा नसतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. आमटी उकळायला लागली की बाई तोंड फिरवून उभ्या!

आता म्हातारपणी गोंद्याला दूध-भाकरी पचेना. जनावरांच्या दवाखान्यातल्या पटवेकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, कुत्र्यांसाठी कोरडं खाणं मिळतं, ते द्या. पण चांगलं बघून घ्या हं."

बघून घ्या! बाई तालुक्याला गेल्या, दुकानात उभ्या राहिल्या. समोर पिशव्यांची भिंत! एका पिशवीवर एक कुत्रा, एकीवर दोन. आणि एका पिशवीवर — किती? चार! चार कुत्री, मंडळी! चार वेद! बाईंनी तिथल्या तिथं हात जोडले. दुकानदार चपापला, त्याला वाटलं आपल्यालाच! पिशवी घेऊन बाई घरी. तीही कुठली? दहा किलोची! अहो, देवानंच दाखवून दिल्यावर लहान कशाला घ्यायची?

पहिले दोन दिवस गोंद्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताट हुंगलं आणि मान फिरवली. चौथ्या दिवशीही तेच. भूक अगदीच असह्य झाली की चार दाणे खायचा, ते ओकून टाकायचा. महिना झाला. बरगड्या दिसायला लागल्या, पाठीचे केस जायला लागले. आणि गाव काय म्हणालं असेल? "वेणूताई, कुत्रं न्हवं हे, योगी हाय! उपास धरलाय त्यानं!" दोघीतिघी तर पाया पडून गेल्या! हसताय? त्यांत आपणही असतो, मंडळी.

एका गुरुवारी गोंद्या उठलाच नाही. तेव्हा मात्र बाईंच्या काळजाचं पाणी झालं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी गोंद्याला तपासलं, सुई दिली, मग ताट पुढं ओढलं.

"काकू, याचा वास कधी घेतलात?"

"अगं बाई! नैवेद्याचा वास घेत्यात व्हय?"

"आज घ्या."

बाईंनी देवळाकडं बघितलं. गोंद्याकडं बघितलं. ताट उचलून नाकाशी नेलं — आणि खवट तेलाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं!

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उलटी केली. "ही तारीख बघा, तुम्ही घ्यायच्या आधीच, दिवाळीत सरली. आणि यात काय काय आहे, ते इथं लिहिलंय. जे जास्त, त्याचं नाव पहिलं. पहिलं मक्याचं पीठ, दुसरं कोंडा. पहिलं नाव मांसाचं हवं, काकू."

"मांस? माझ्या घरात? आमच्यात गुरुवारी कांदासुदिक चालत न्हाई!"

"व्रत तुमचं आहे. गोंद्यानं संकल्प कधी सोडला होता?"

बाईंची नजर गोंद्याच्या बरगड्यांवर गेली.

"देवासाठी तांदूळ निवडता ना?"

"एकेक खडा काढते."

"मग याचे खडे कुणी काढायचे?"

मंडळी, बाई खाली बसल्या. गोंद्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडल्या. "चुकले रे बाबा," म्हणाल्या, "तू रोज सांगत हुतास." गोंद्यानं शेपूट हलवली. एकदाच. रागावणं त्याला येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच दुकानात. या वेळी चित्राला नमस्कार नाही! पिशवी उलटी केली, चष्मा लावला. आधी तारीख. मग पहिलं नाव — कोंबडीचं! "दत्ता, तू बघून घे," म्हणाल्या. म्हाताऱ्या कुत्र्यासाठीचं आहे का, तेही विचारलं. आणि पिशवी लहान घेतली, उघडल्यावर विटायच्या आत संपणारी.

घरी येऊन दाणे कोमट पाण्यात भिजवले. ताट ओसरीवर आणलं आणि सगळ्यांदेखत नाकाला लावलं! शेजारीण ओरडली, "वेणूताई, इटाळलं की!"

बाई म्हणाल्या, "देवाला वास घिऊन वाढलं तर इटाळ हुतो, कबूल. पर मुक्याला वास न घेता वाढलं, तर पाप लागतं."

गोंद्यानं हुंगलं. थांबला. आणि खाल्लं, मंडळी! ताट चाटूनपुसून खाल्लं!

आता मघाचं उत्तर काढा बाहेर. श्रद्धेनं वाढलेलं अन्न... का? माना का थांबल्या? श्रद्धा खोटी नव्हती हो. तिनं फक्त पिशवी उलटी करून बघितली नव्हती.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल. खाटेवरचे वडील असतील, दात गेलेली आई असेल. मागत नाहीत, तक्रार करत नाहीत. ताट अर्धं परत येतं, आणि आपण म्हणतो, "वय झालं, भूक कमी झाली." आज घरी गेलात की तेवढं करा. ते परत आलेलं ताट उचला, आणि आधी स्वतःच्या नाकाला लावा.