बोटीवरची परात

मी कोली. बाप तांडेल, आजा तांडेल, बोट आमीच हाकायची. जल्म आगरदांड्याच्या धक्क्याजवलचा. शाला चौथीपर्यंत, मंग दर्या, त्याला झाली चालीस वर्सं. मासलीच्या गोष्टी दुसऱ्या कुनाला इचारा, मना आज घान बोलायचीय, आमच्याच घरातली.

माझ्या बोटीवर लहू हाय, कातकरी. वीस वर्सं भंडारी तोच, म्हंजे जेवन रांधनारा. दर्यावर चार-चार दिवस, सात मानसं, परात एकच. लहू भात वततो, वर बोंबलाचं कालवन, नि आमी सगले त्याच परातीत हात घालतो, माझा सख्खा भाऊपन, बोटं चाटत म्हनतो, लहू, अजून वाढ रं. तवा कुनाची जात बुडत न्हाय. धक्क्याला दोर बांधला की झालं, तोच लहू ओट्याच्या खाली.

गेल्या वैशाखात पुतन्याचं लगीन. दुपारची पंगत बसली, नि बघतो तर लहू मांडवाच्या भायेर, जाल्यांच्या ढिगाजवल, कागदाची ताटली घेऊन उकिडवा. भावाला म्हटलं, ह्यो तिकडं का? तर म्हनतो, दादा, पावने हायत, कसा दिसतो तो काला कुलकुलीत, फोटोत यील. अरं थू! ताट उचललं, लहूच्या बाजूला जाऊन बसलो, नि तिथनंच वरडलो, बोटीवर ज्यांनी ज्यांनी ह्याच्या हातचं खाल्लंय त्यांनी उठा. पाच जनं व्हती. एकानं पानी पिलं, दुसरा मोबाईल बघाय लागला. माझा पोरगा तेवढा उठून आला, तोपन मान खाली घालून. भाऊ त्या दिवसापासून बोलत न्हाय. नको बोलू.

मना वाटलं, मी लय मोठं केलं. तर लहू हलूच म्हनतो, तांडेल, तू बसलास, बरं वाटलं. पन माझी बायको सोनी तुझ्या घरी मासली सुकवाय येते, ती चहा कशात पिते ते जाऊन बघ.

काय सांगू तुमाला, गेलो. मागच्या दाराला, कोनाड्यात, कान तुटलेला कप, भायेरच्या भायेर धुऊन पालथा घातलेला. बायकोला इचारलं, ह्यो कुनाचा? म्हनते, सोनीचा, तुमच्या आयशीनं ठेवलेला, तुमाला म्हाईत न्हाय? म्हाईत व्हता हो. रोज त्याच दारानं पाय धुऊन मी आत येतो. दिसत व्हता, नि वर मांडवात जाऊन भावाला शिकवत व्हतो. मना माझीच किलस आली. फोडला कप दगडावर. बायको रडली, शेजारनी काय म्हनतील म्हनली. दोन दिवस आमचं भांडन. मंग म्हनली, घेते तिला घरात. तिला सोपं नव्हतं ते, मी बघितलंय.

कप फोडल्याचं सोनीला लहूकडनं कललं असंल. सोमवारी आली, मागच्याच दारानं, बोंबील सुकवायच्या वलांडीवर टाकलं, नि चहाच्या वक्ताला पिशवीतनं स्वताचा पेला काढून पुढं धरला. म्हनते, वयनी, माझा कप टाकलात ना, म्हनून घरनं आनला, न्हायतर मना चहा कशात द्याल?

बायकोनं तिला हाताला धरून आत बसवली, आमच्या कपात चहा दिला. निवेपर्यंत ती तो हातात धरून बसली. मंग एका घोटात पिली, कप स्वता धुतला, नि आता ह्यो कुठं ठेवायचा म्हनून बघत उभी राहिली.

आता येते रोज आत. पन कप अजून तीच धुते, हातातनं घेऊ देत न्हाय. देवाकडं मी एकच मागतो, तिला एक दिवस एवढा राग येऊ दे, की तो कप ती आमच्या अंगावर फेकील.