नाही म्हणायला वकील लागत नाही

(जुना जालना. कापडबाजाराच्या गल्लीतलं एका वकिलाचं कार्यालय. सन १९९७, सकाळचे साडेनऊ.)

वकील : तुमचं म्हणणं मी सविस्तर ऐकेन, नंदाबाई. पण आधी या गृहस्थांनी बाहेर बसावं.

नंदा : का बरं?

वकील : प्रकरण नवऱ्यापासून घटस्फोटाचं, आणि सोबत नवऱ्याचे वडील. वीस वर्षांच्या वकिलीत सुनेबरोबर आलेला सासरा मी पाहिला तो तिच्याकडून सही करून घेण्यासाठीच.

नंदा : सही तर सहा महिन्यांमागंच करून बसले मी. मामा इथंच बसतील. कुंभार पिंपळगावाहून पहिल्या एसटीनं दोघं संगंच आलो.

इंद्रभान : बसू द्या साहेब. बोलायचं ते तीच बोलंल.

वकील : ठीक. कागद दाखवा. हा परस्पर संमतीचा अर्ज आहे. दुसरी तारीख... आजचीच? अकरा वाजता?

नंदा : म्हणून तर जल्दी आलो.

वकील : यात तुमच्या बाजूने वकील कोण?

नंदा : त्यायच्याच वकिलाच्या हाफिसातला दुसरा कुणी. म्या तोंड बी पाह्यलं न्हाई त्याचं. मला वाटलं, दोघांच्या मर्जीनं होऊन राह्यलं तर वकील बी दोघांत एकच असंल.

वकील : माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा हाच समज असतो. अर्ज दोघांचा एक असतो, हित दोघांचं एक नसतं. सही करण्याआधी वाचला होता?

नंदा : वाचू देल्ता कुठं? सातवी शिकलेली हाये मी. पण बोट ठेवलं तिथं सही कर, एवढंच सांगितलं. नक्कल मागल्या आठवड्यात हाती लागली. दुसरं पान वाचा. मोठ्यानं वाचा.

वकील : "स्वभाव न जुळल्याने अर्जदार क्रमांक दोन ही दोन वर्षांपूर्वी स्वखुशीने सासर सोडून माहेरी गेली असून, तेव्हापासून तेथेच राहत आहे..."

नंदा : मी सासर सोडलंच न्हाई, साहेब. आज बी त्याच गोठ्यात धार काढून एसटीत बसले. सोडून गेला तो. जालन्यात खोली केली, तिथं दुसरी आणून ठेवली. अन् कागदात गेलेली कोण, तर मी.

इंद्रभान : बराबर बोलून राह्यली ती.

वकील : पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं असेल.

नंदा : इचारलं. म्या हो म्हणून मान हलवली. आदल्या दिवशी सासूबाई सांगत होत्या, घरातलं घरात राहील, त्याची नोकरी वाचंल, तुला कुणी बाहेर काढणार न्हाई. ग्रामसेवक हाये तो.

वकील : मग त्यांची घाई समजली. पहिली पत्नी असताना सरकारी नोकराला दुसरं लग्न करता येत नाही. आज हुकूम मिळाला की त्याच बाईशी नव्या तारखेने लग्न लावतील. आधी चोरून लावलं असेल, तर ते कधी घडलंच नव्हतं असं दाखवतील.

नंदा : आज न्हाई म्हणता येतं का, एवढंच सांगा.

वकील : येतं. पहिल्या अर्जानंतर निदान सहा महिने थांबवतात ते विचार बदलता यावा म्हणूनच. आज न्यायाधीश पुन्हा विचारतील. हुकूम होईपर्यंत तुम्ही एकट्या संमती मागे घेऊ शकता.

नंदा : पण माझा वकील तर त्यायचा माणूस. मंग न्हाई म्हणणार कोण?

वकील : तुम्ही. नाही म्हणायला वकील लागत नाही.

नंदा : मंग झालं.

वकील : झालं नाही. नाही म्हणालात तर हा अर्ज संपेल, लग्न संपणार नाही. तुम्ही त्यांच्या पत्नीच राहाल.

नंदा : फारकत मला बी पाहिजे. पण माझ्या अर्जानं. त्याच्यात खरं लिहून.

वकील : त्याला वर्षं लागतील. समोरचा वकील भर कोर्टात तुमच्या चालचलणुकीबद्दल नको ते विचारेल.

नंदा : इचारू द्या. गावानं दोन वर्षं माझ्या माघारी इचारलं. हा निदान समोर उभा राहून इचारंल.

वकील : मूलबाळ?

नंदा : पोरगी हाये. चार वर्षांची.

वकील : पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच ठेवतात, आणि पुढेही मुलाचं हित पाहतात. पोटगी दावा चालू असतानाही मागता येते. राहता राहिलं घर. घटस्फोटानंतर सासरच्या घरावर तुमचा हक्क उरणार नाही.

इंद्रभान : घर माझ्या नावावर हाये. हिला कुणी काढत न्हाई. तिची सासू बोलंल चार दिवस, मी बहिरा होईन.

वकील : आता पुराव्याकडे येऊ. ती बाई त्यांच्याकडे नांदते, एवढं घटस्फोटापुरतं चालेल. पण दुसरं लग्न केलं, असं लिहायचं असेल तर ते विधिपूर्वक लागलं हे दाखवावं लागतं. पत्रिका, फोटो, लावणारे भटजी, पाहणारं कुणी?

नंदा : तिथंच अडलंय. राजूरच्या अलीकडं, तिच्या बापाच्या वावरात लावलं म्हणतात. भल्या सकाळी. पत्रिका न्हाई, फोटो न्हाई. आमच्या गावातलं कुणी गेलं न्हाई.

इंद्रभान : एक जण गेल्ता.

नंदा : कोण?

इंद्रभान : मी.

नंदा : तुम्ही तर त्या दिवशी बाजारला गेल्ता. बैल पाहायला.

इंद्रभान : बैल न्हाई पाह्यला. पोरगा म्हणला, बाप न्हाई आला तर पोरीकडचे लगीन लावणार न्हाईत. गेलो. अंतरपाट धरला तवा मी समोर होतो. होम झाला. सात पावलं झाली, ती बी मोजली. भटजीचं नाव सांगतो. घरी आलो, तर तू पाय धुवायला पाणी देलं.

नंदा : दोन वर्षं, मामा.

इंद्रभान : हां.

नंदा : दोन वर्षं मी साऱ्या गावाला सांगत राह्यले, मामा न्हाई गेले, मामा माझ्या बाजूनं हायेत. नळावर भांडले मी त्याच्यावरून.

इंद्रभान : मला ऐकू येत होतं.

नंदा : मंग जानेवारीत, म्या सही केली तवा, का न्हाई बोलले?

इंद्रभान : पोराच्या नोकरीचं भ्या होतं. ते आज बी हाये. पण परवा तो घरी आल्ता. तू माहेरी निघून गेली, हे मी पाह्यलं, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही मागत होता. तू तवा आत भाकरी थापून राह्यली व्हती. तुझ्या हाताचा आवाज येत होता, अन् कागदात तू गेलेली. न्हाई देली सही.

वकील : इंद्रभानराव, नीट समजून घ्या. तुमच्या साक्षीने मुलाची नोकरी जाऊ शकते, फौजदारी होऊ शकते. तुम्ही त्या लग्नात सामील होता, तेव्हा तुमच्याकडेही बोट दाखवलं जाईल.

इंद्रभान : दाखवू द्या. बोट दाखवण्यासारखंच केलंय.

वकील : नंदाबाई, दहा वाजून गेले. मी तुमच्यासोबत कोर्टात येतो. हे वकीलपत्र. इथे सही करा.

नंदा : आधी वाचते.

वकील : वाचा. रिकामी जागा दिसली तर मला विचारा.

नंदा : ही एक हाये. तारीख भरा. बराबर. आता करते सही.

वकील : आज संमती नाकारा, या आठवड्यात आपला अर्ज तयार करू. साक्षीदार आताच टिपून ठेवतो. पहिलं नाव, इंद्रभान. तुमची हरकत नाही ना?

नंदा : हरकत लई हाये. तरी लिहा.

वकील : अर्जदाराशी नातं काय लिहू?

इंद्रभान : ते तिला इचारा.

नंदा : सासरे लिहा. अन् त्याच्यापुढं लिहा, लग्नाला हजर होते.