कमानीचे पाटे

वर्ध्याच्या मोटारस्टँडवर हिंगणघाटच्या रांगेत सुमित्राबाई मास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या पुढं बोचकं घेतलेली एक बाई होती, अन् तिची समजूत काढणारा तिचा नवरा.

“अवं, घरी मिलिटरीच्या लिलावातली पिकअप असून साळ्याच्या लग्नाले मोटारीनं जायचं? मांडवात नाक कटन माहं!”

“कटू द्या. मागच्या खेपेले तुमच्या पिकअपनं माहे दोन दात हालवले.”

“आता नाई हालत. धक्के कमी बसावे म्हून चाकावरच्या कमानीचे दोन पाटे काढले, चाकातली हवा कमी केली.”

“तरी काल माहं डोक्सं टपावर आदळलंच.”

“गाडी रिकामी होती ना. मागं वजन असलं का पाळण्यावानी चालते.”

“मंग तुमच्या मायले बसवा मागं.”

“बसवलंतं. पवनारले उतरली, ते पायीच घरी आली.”

सुमित्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात मोटार आली. बाई चढली, अन् तिच्या मागोमाग नवराही चढला.

“तुमी काऊन चढले? पिकअप कोण आणन?”

“ड्रायवर आणते.”

“मंग त्याच्याजवळ बसा ना ऐटीत!”

“नाई जमत वं. सकाळपासून माही कंबर धरून राह्यली. सरक थोडी.”