फंड दादाच्या नावावर

मी मूळचा करकंबचा, नाव भीमा. थोरला भाऊ गणपत, त्याला मी दादा म्हणायचो. सोलापूरच्या गिरणीत आधी दादा लागला, दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गावी परतला, आणि त्याचाच बिल्ला घेऊन त्याच्या मागावर मी उभा राहिलो. मुकादम म्हणाला, नाव कुणाचंबी असू दे की, माग चालला म्हंजे झालं. काय सांगू तुम्हाला, तेव्हा कितीतरी जण असंच करत, त्यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. अकरा वर्षं मी गणपत म्हणून राबलो.

मी लागल्यावर दोन वर्षांनी गिरणीनं फंड काढला. रुपयामागं एक आणा कापायचा, गिरणी त्यात निम्मं घालणार, आणि काम सुटलं की सगळं एकदम मिळणार. पगार चोवीस, म्हणजे महिन्याला दीड रुपया. नऊ वर्षांत माझे एकशे बासष्ट, गिरणीचे एक्क्याऐंशी, मिळून दोनशे त्रेचाळीस.

मग दादा वारला. गावी गेलो, तर वहिनी दोन पोरींना धरून रडत होती. तिला धीर यावा म्हणून बोलून गेलो, वहिनी, दादाच्या नावावर दोनशे त्रेचाळीस रुपये हायत गिरणीत, तुमास्नी उपाशी ठेवणार न्हाय. मीच सांगितलं हो, माझ्याच तोंडानं!

महिन्याभरानं ऑफिसात बोलावणं आलं. बघतो तर वहिनी उभी, हातात पाटलाचा दाखला, गणपत मयत म्हणून. कारकून म्हणाला, गणपत मेला, मग त्याचा माग चालवतंय कोण, भूत? मुकादमानं माझा दंड दाबला नि म्हणाला, साहेब, हा मयताचा भाऊ, महिन्यापूर्वीच घेतलाय त्याच्या जागी. कारकुनानं मला विचारलं, खरं का रे? खोटं निघालं तर फौजदाराकडं धाडीन.

मी व्हय म्हणालो. एवढा एकच शब्द. अकरा वर्षांचा महिना झाला, आणि माझ्यादेखत वहिनीनं अंगठा उठवून पैसे पदरात बांधले. मी दाराची चौकट धरून उभा होतो.

त्याला आज वर्ष झालं. आता फंड माझ्या नावानं कापतात, सत्तावीस रुपये जमलेत, वय बेचाळीस. थोरल्या पुतणीचं लग्न त्या पैशांत झालं. मांडवात वहिनी म्हणाली, भावजी, ह्यांनी मरतानाबी पोरीचं केलं बघा. मी पोरीवर अक्षता टाकल्या. नांदू दे पोर सुखानं.